गावत नाही

खासबागेत मागाच्या वर आमचं ऑफिस.
खाली धोटा थांबला की मगच वर ऐकू येतं
मशीनच्या पंख्याचं धापणं.
रात्री पावणेदहाला ईरण्णा म्हणाला,
"शालनक्का, चावी आली."

चावी म्हणजे चाळीस अक्षरं,
त्याच्या भाषेतली नाहीत, माझ्याही नाहीत.
एका चौकटीत ती चिकटवली
आणि सहा वर्षं पायी गोळा केलेलं शहर,
दोन हजार एकशे चाळीस ठिकाणं,
बोगारवेसपासून येळ्ळूरच्या वाटेपर्यंत,
त्या नव्या सहायकापुढं उघडं पडलं.

पडद्यानं विचारलं: वाचू द्यायचं?
हो.
लिहू द्यायचं?
मी म्हटलं, राहू दे.
आल्याआल्या पाहुण्याच्या हातात
पेटीची किल्ली देत नाहीत.

पहिला प्रश्न मीच टाकला, घरच्या बोलीत:
कुंदा चांगला कुठं गावतो?
उत्तर आलं इस्त्रीच्या मराठीत:
"क्षमस्व. कुंदा या गावाची नोंद उपलब्ध नाही.
जवळील गावांची यादी हवी आहे का?"

ईरण्णा टेबलावर डोकं टेकून हसला.
मीही हसले. मग नोंदी उघडून बघितल्या.
'गावणे' कुठंच नव्हतं.
'उपलब्ध' लिहीत गेले होते मीच,
सहा वर्षं, प्रत्येक दुकानापुढं.
इस्त्री माझीच होती.

मग बसलो.
घड्याळमोडीवर आता मोबाईलचं दुकान,
घड्याळवाले मेस्त्री जाऊन अकरा वर्षं झाली,
तरी रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं.
नवा रकाना काढला: 'म्हणतात'.
ईरण्णानं त्याच्याकडची नावं घातली, मी माझ्याकडची,
आणि चहाचे पेले न्यायला आलेल्या हुसेनबीनं
उभ्या उभ्या सात सांगितली,
आम्हा दोघांनाही ठाऊक नसलेली.

साडेअकराला सहायकानं विचारलं:
"या शहराचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं आढळतं.
बरोबर कोणतं?"

ईरण्णाच्या थोरल्या भावानं एकदा
एक पाटी रंगवली होती.
माझ्या मामानं त्याच आठवड्यात
रात्री शिडी लावून ती खरवडली होती.
दोघांनाही ठाऊक आहे हे.
सहा वर्षांत
एकदाही चहासोबत निघालं नाही.

मी चष्मा पुसत बसले. पुसून झाल्यावरही.
ईरण्णानं कीबोर्ड ओढून
एका बोटानं, सावकाश लिहिलं:
विचारणारा जे लिहील ते.
त्याला त्याच नावानं सांग
मी वाचलं,
आणि राहिलेला पूर्णविराम दिला.

सकाळी सहा दहाला पहिला खरा माणूस आला.
हुक्केरीकडच्या बसमधून कुणी मुलगी:
बाबांना घेऊन येऊलोय. डॉक्टर अकराला भेटणार.
तोवर कुठं बसायला गावंल काय,
काही विकत न घेता?

त्यानं सगळं शहर चाळलं.
हॉटेलं, लॉजं, सराफ, कापडाची दुकानं,
मिठाईची एकतीस, तीन बागा:
तिन्ही नऊला उघडणाऱ्या.
टिंब टिंब टिंब हलत राहिले पडद्यावर,
मग उमटलं:
"गावत नाही."

रात्रीत शब्द शिकला होता.
आणि चूक त्याची नव्हती.
बसणं हे आम्ही ठिकाण म्हणून
कधी मोजलंच नव्हतं.

चप्पल घातली, वही घेतली.
स्टँडाच्या मागं, फुलवाल्यांच्या पलीकडं
एक दगडी कट्टा आहे, माझ्या आठवणीत.
अजून आहे का,
दोघं मावतात का,
ऊन त्यावर किती वाजता येतं,
ते कुणीतरी जाऊन बघायला हवं.