बिनमुहूर्ताचे दिवस

आमच्या घरी सुट्टी येते
पंचांगातली लग्नं संपल्यावर.
तोवर आखाजी असो की रविवार,
आबा लाल कोटात, मी काळ्या टी-शर्टात,
धुळ्यातल्या दोन वेगळ्या मांडवांत
परक्यांच्या आनंदाला हजर.

आखाजीला गल्लीतल्या निंबाला झोका बांधतात,
माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणतात,
आई खापरावर मांडे टाकते
आणि ते आम्ही खातो रात्री दीडला,
गार, चिवट, रसात बुडवून,
बूट न काढता.

गोकुळ येतो सुरतेहून, नरडाण्याला उतरून,
अंगाला साडीच्या मिलचा वास.
म्हणतो, एक फोटो काढ ना सगळ्यांचा.
काढू, म्हणते.
माझ्या हार्ड डिस्कमध्ये दहा हजार चेहरे आहेत,
कुठल्याशा नवरदेवाची आतेबहीणसुद्धा बावीस वेळा.
घरचे चौघं एकत्र
एकदाही नाहीत.

आबा क्लॅरिनेट वाजवतात. एकोणतीस वर्षं.
पाच कंदीलपासून आग्रा रोडभर
चालत, कधी उलटं चालत,
डोक्यावर झुंबरं घेतलेल्या बायांच्या दोन रांगांमधून.
कॅमेरा घेतला तेव्हा पहिला फोटो त्यांचाच काढला:
गाल फुगलेले, डोळे मिटलेले, मानेची शीर ताठ.
बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,
"फोटूमा आवाज येस का व माय?"
नही येस, म्हटलं.
"मंग हाऊ माणूस नुसता गाल फुगाईसन उभा शे."
हसलो आम्ही.
मी जरा जास्तच.

यंदा मे महिन्यात देवपूरच्या एका लॉनवर
मुलीच्या काकांनी आधीच बजावलं,
अल्बममध्ये बँडवाले नकोत, तेवढं बघा.
ते मला येतं.
एक पाऊल डावीकडे, गुडघ्यात वाकायचं, झूम आत.
संध्याकाळी सातलाही डांबर मऊ होतं.
वरात फाटकातून आत वळली
आणि बँड आबांचा निघाला.
हात केला नाही आम्ही एकमेकांना.
क्लॅरिनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटलं,
पण तिथे सूरही वरचा होता.
मी पाऊल डावीकडे टाकलं.

रात्री कॉम्प्युटरवर एक हजार एकशे चाळीसावा फोटो:
घोडा, मुंडावळ्या, चेहऱ्यावर नोटांची सावली,
आणि कडेला, सुटून राहिलेली,
एक लाल बाही.
सोनेरी बटण आईनं पिवळ्या दोऱ्यानं शिवलेलं.
किल्ल्यांवर चार बोटं.
तेवढाच तुकडा मोठा केला आणि सकाळी
चहाबरोबर आबांपुढे ठेवला.
चष्मा शोधला त्यांनी. लावला.
बोटांकडे बघत स्वतःची बोटं बशीवर ठेवून पाहिली.
"कोमल नी शे हाऊ," म्हणाले,
"बोट उचलाले उशीर व्हयना.
तू समोर व्हती ना."

काकांना त्यांचा फोटो दिला. कापूनच दिला.

आता देव झोपलेत.
लाल कोट ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसोबत,
माझ्या लेन्सवर कापड.
शहर तसंच चालू आहे, रिक्षा, भोंगे,
समोरच्या जिमचं तेच ते धडधड गाणं,
आणि आबा दुपारी बनियनवर बसून वाजवतात,
कुणाच्याच वरातीशिवाय, हळू,
मध्येच थांबून, पुन्हा तिथूनच.

गोकुळचा व्हिडिओ कॉल येतो, मिलच्या जिन्यावरून.
फोन मी डब्याला टेकवून ठेवते.
त्यात आबा, मी, मागे आई, हातात अर्धं चिरलेलं गिलकं,
कोपऱ्यात त्याचं एवढंसं तोंड.
"चित्र अडकलं," तो म्हणतो,
"आवाज येतोय फक्त. बंद करून परत लावू?"

"राहू दे," आई म्हणते
आणि गिलकं चिरत राहते.