पाणी आलं त्या रात्री

अकरा ते दोन तू, दोन ते पाच मी.
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेला हा करार
पहिल्याच रात्री मोडला, मोनाप्पा.
हातभर पोरीला घड्याळ कळत नाही
आणि दूध फक्त माझ्याकडं.

आमच्या वडगावात माग थांबला की ती उठते.
नऊ महिने पोटात खटक-खट ऐकत वाढली,
शांतता म्हणजे तिला काहीतरी बिघडलंय वाटतं.
लाईट गेली, धोटा थांबला, लगेच टाहो.
मग तू मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बोटांनी
खटक-खट, खटक-खट,
डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं,
बोटं मात्र चालू.
झोपेत साडी विणत होतास.

निंगव्वा रोज उंबऱ्यातनं सांगून जाते:
कूसु मलगिदाग नीनू मलगु.
बाळ झोपलं की तूपण झोप.
बरं. मग लंगोट कोण धुणार, कांड्या कोण भरणार?
मला झोप येते ती भाताचं पाणी मोजताना,
पदराला पिन लावता लावता.
परवा आमटीत मीठ म्हणून साखर पडली.
तू दोन वाट्या प्यालास, काही बोलला नाहीस.
चव कळली नाही की बोलायचं त्राण नव्हतं,
मीही विचारलं नाही.

आठव्या दिवशी नळाची पाळी. रात्री तीनला येतं,
दीड तास, की गेलं.
तोवर जरा टेकू म्हणालो.
मधे ती, वादग्रस्त भागासारखी आडवी पसरलेली,
आपण दोघं कडेकडेला.

जाग आली तेव्हा उजेड होता.
इतका उजेड की भ्यालो.
दोघांची बोटं एकदम तिच्या नाकाखाली.
श्वास. ऊन-ऊन.
मग आठवलं: पाणी!

परसात घागरी काठोकाठ.
पिंप भरलेलं, वर झाकण,
लंगोटांची बादलीसुद्धा.
आणि गडग्यावरनं लोंबणारा निळा पाईप,
आपला तर हिरवा.

दहा वाजले तरी निंगव्वाचं दार लावलेलं.
तू मागाच्या बटणाकडं गेलास
आणि हात मागं घेतलास.
राहू दे, म्हणालास, बाराला लावतो.

मग पोर उठली, अर्थातच.
मी डबा घेतला मांडीवर,
वर तिचंच एक दुपटं टाकलं,
आणि वाजवत राहिले
भिंतीपलीकडं जाणार नाही इतकंच.