दम खायची जागा

पहिल्या वर्षी मी बसथांबा काढला.
पांढरा, हलका, पंख पसरलेला;
वाऱ्यानं उचलून समुद्रात नेला असता तरी शोभला असता.
ऑर्मेन्योबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"छान. आणि हा कोण?"
हा म्हणजे कागदाचा माणूस,
प्रमाण कळावं म्हणून कोपऱ्यात चिकटवलेला.
"याला बसायचंय गं," त्या म्हणाल्या,
"तू त्याला मोजपट्टी करून उभं केलंयस."

वाल्पाराइसोत सपाट असं काही नाही.
घरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून बंदर बघतात,
पत्र्यांना जहाजांचा उरलासुरला रंग,
रस्ता संपला की जिना सुरू होतो,
जिना संपला की कुणाचं तरी स्वयंपाकघर.

मला जिनाच मिळाला पुढे.
एकशे बारा पायऱ्या, प्रत्येक सतरा सेंटिमीटर,
एकीचा दुसरीशी वाद नाही.
रंगवून टेकडीवर नेला, लोकांना दाखवायला.
एलेउतेरियो गॅसचं सिलिंडर घेऊन चढत होता.
थांबला. नकाशाकडे पाहिलं,
घाम कागदावर पडू नये म्हणून मान मागे घेतली,
म्हणाला, "चांगलाय. पण दम कुठं खायचा?"

पायऱ्या मोजल्या होत्या मी. श्वास नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच्यामागून चढले,
तो थांबेल तिथं खडूनं खूण करत:
एकोणिसाव्या पायरीवर, मग चौतिसाव्या,
आणि वर वर तर दर नवव्या.
त्या खुणांवर ओटे दिले,
खांद्यावरून सिलिंडर टेकवता येईल एवढे उंच.
परीक्षकांनी विचारलं, ही लय कुठून आणलीस?
खरं ते सांगितलं. ते हसले.
मार्क मी पाहिले नाहीत.
(खोटं. पाहिले. बरे होते.)

डोन्या एदुविहेसचं घर वणव्यात गेलं.
उरलं एक सिंक, आणि लिंबाचं झाड,
एका बाजूनं भाजलेलं.
मी तिला भिंतभर काच दिली, अख्खा पॅसिफिक दिला.
"सत्तर वर्षं बघतेय त्याला," ती म्हणाली,
"तो कुठं पळून जातोय?"
आणि तिनं कागद उलटा फिरवला.
समजला नाही म्हणून, की समजला म्हणून,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
स्वयंपाकघर गल्लीकडे आलं,
समुद्र परसात गेला, कपडे वाळवायला.
"हं, आता ओळखीचं वाटतं.
बटाटे सोलता सोलता दिसेल कोण आलं ते."

तीन आठवडे मी तो कागद फिरवत बसले.
सुलटा कुठला, तेच कळेना.

शेवटच्या वर्षी विषय माझा मला निवडायचा होता
आणि मी गप्प.
लाउतारो पुलांवर पूल चिकटवत होता शेजारच्या टेबलावर,
त्याच्या गोंदाच्या वासात मला एकाएकी घर आठवलं,
चिलोएचं.
सहा वर्षांची होते तेव्हा ते हललं होतं.
भूकंपानं नाही, बैलांनी.
किनारा खचत चाललेला, तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना साद घातली.
खाली ओंडके, पुढे दोर, सोळा जोड्या जुंपलेल्या,
आणि घर निघालं चिखलातून, पडद्यांसकट.
आई आधीच वर पोहोचून साठ माणसांचं कालवण ढवळत होती.
मी माळ्याच्या खिडकीत लपलेले.
तिथून दिसलं: शेत चालतंय, कुंपण चालतंय,
चर्चसुद्धा हळूच बाजूला सरतंय,
आणि आमचं घर जागच्या जागी.

हे इथं कुणाला सांगितलं नव्हतं.
इथं सगळे पायाबद्दलच बोलतात.

सादरीकरणाला ऑर्मेन्योबाई म्हणाल्या, "पाया दाखव."
मी दोरांचा नकाशा पुढे केला,
कुठल्या दोराला कुणाचा हात, नावांसकट;
दोन नावं आईला फोन करून विचारलेली,
एकाच्या जागी नुसतं "मिशीवाला".
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
नावं वाचली नाहीत, निदान आधी तरी नाही.
बोट गेलं ते थेट कोपऱ्यात,
कागदाच्या माणसाकडे.
तो ओंडक्यावर बसून पाव खात होता.