सातशे एक्केचाळीस

पहिल्या खेपेला चूक जिभेची होती.
आपण म्हणतो एक्केचाळीस,
एक आधी, चाळीस मागून;
डब्यावर छापलेला असतो चार आधी.
मिठबावच्या ग्रामपंचायतीतून कणकवलीला
फोनवर सांगितलं, दोनदा, नीट.
दुकानातल्या पोराने ऐकलं तसं लिहिलं
आणि दुपारच्या एस.टी.त, ड्रायव्हरच्या सीटमागे बसून
सातशे चौदा आलं.

अर्ध्यापर्यंत गेलं आत. मग नाही.
“उघडलेलो डबो परत घेनव नाय, बाय.”

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेले,
प्रिंटरच्या पोटातला नंबर
तळहातावर बॉलपेनने लिहून.
घामाने एक पुसट झाला होता, चार शाबूत.

काचेमागे डबेच डबे, सगळ्यांवर
तोच निळा-गुलाबी-पिवळा शिंतोडा.
चष्मा कपाळावर सरकवून
मी पाठीमागचं वाचत गेले.

एक्स एल म्हणजे डबा मोठा नव्हे.
डबा तेवढाच, आत शाई जास्त.
तिसऱ्या घेताना आपण मुठीत खुळखुळवून बघतो,
चिखलाची कुठली, मांसाची कुठली.
इथे सगळं सीलबंद. मिलिलिटर वाचायचे.

‘चारशे ऐंशी पानं’, आणि वर एक तारा.
ताऱ्यामागून पार तळाशी गेले:
पानाचा पाच टक्के भाग शाईने भरला तर.
पाच टक्के!
तिथेच उभी राहून हिशोब करू लागले
रहिवासी दाखल्याला किती लागते.
नाव, वाडी, तालुका,
‘सदर इसम माझ्या ओळखीचा आहे’
एवढं म्हणायला.
बाकी सगळा कोरा कागद,
त्यालाही दाखलाच म्हणतात.

‘कंपॅटिबल’ म्हणजे चालेल, पण ह्या घराण्यातला नाही.
दोनशे रुपयांनी स्वस्त. हात थबकला.
ग्रामसेवक पावती बघतात, शाई नाही.
तरी ओरिजिनलच घेतलं. तारीख पुढच्या मार्चची.

द्रौपदी कोयंडे सकाळपासून पायरीवर.
नातवाच्या स्कॉलरशिपचा शेवटचा दिवस,
टोपलीत उरलेले चार बांगडे, वर ओलं फडकं.
तिने माझ्या हातातला डबा घेतला,
उलटा केला, नाकाशी नेला.
“ताजो आसा? कल्ले खंय बघूचे हेचे?”
मी तारखेवर बोट ठेवलं.
तिने तारखेकडे नाही, माझ्याकडे पाहिलं
आणि मान हलवली,
भाव पटल्यासारखी.

नारिंगी फीत ओढली. टक्क करून बसलं.
कागद आला, सही झाली, शिक्का झाला,
आणि त्यावर थेट तिचा ओला अंगठा,
एका खवल्यासकट.
मी ओरडणारच होते.
शिक्का जांभळा पसरला, सरपंच वाहून गेले.
नाव जागचं हललं नाही.

ती गेल्यावर केराच्या टोपलीतून
खोकं परत काढलं.
बारकोडच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात,
जो शब्द न वाचता मी दाम मोजले होते:
पिगमेंट.

सातशे चौदा अजून खणात आहे.
शाई पूर्ण भरलेली.
कुणाकडे त्या जातीचा प्रिंटर असला तर सांगा.