पंधरा मिनिटं

सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
टायरच्या दुकानावर एक खोली आहे.
शुक्रवारी सहाला तमिळ, आठला तेलुगू,
दहा ते अकरा आम्ही,
नगर-जालन्याकडचे एकोणीस जण.
मोजून एकोणीस. मोजायची सवय माझी जुनी.

मी टाइमकीपर, शांतवन वाघचौरे.
आईनं नाव ठेवलं ते
माझ्यामुळे कुणाचं तरी दुःख हलकं व्हावं म्हणून.
मी माणसांची पंधरा-पंधरा मिनिटं कापत होतो.
सव्वासहाला सुटलेला माणूस
माझ्या वहीत सहाला सुटे.
एकाची पंधरा मिनिटं म्हणजे काय?
हातपाय धुवेपर्यंत संपतात.
एकशे चाळीस जणांची म्हणजे
ठेकेदाराचं पाकीट, दर महिन्याला,
आणि गावाकडे वरच्या मजल्याचा स्लॅब.

खरं सांगतो, मी त्या खोलीत एसीसाठी जात होतो.
कॅम्पातला जूनमध्येच बंद पडला होता
आणि हनोक काका, जे शास्त्रपाठ वाचतात,
हाताला गॅसचा वास घेऊन,
ते स्वतः एसी मेकॅनिक. त्यांची खोली थंड असणारच.
मी मागच्या खुर्चीत बसून डुलक्या काढायचो.

सालोमीबाई एका घरात चार मुलं सांभाळतात.
त्यांना आठवड्याचे दोन तास सुटी,
त्यातला पाऊण तास रस्त्यात.
एकदा प्रार्थनेत त्या म्हणाल्या, अगदी व्यवहारातलं बोलावं तसं,
"प्रभू, हा तास तुझा. अख्खा घे.
यातलं मी मागं काही ठेवलेलं नाही."

बस्स एवढंच.
ना वीज चमकली, ना मी रडलो.
खाली कुणीतरी रिमवर हातोडा मारत होतं.
पण शनिवारी संध्याकाळी
सहाचा आकडा लिहायला पेन टेकवलं
आणि हात तिथंच थांबला,
चोर दारात सापडावा तसा.

दुसरी वही होती माझ्याकडे, खऱ्या वेळांची.
ठेकेदाराशी हिशेबात फसू नये म्हणून ठेवलेली.
चोराजवळचं खरं असतं ते चोख असतं.
ती घेऊन मी लालबाबू साहनीच्या खोलीवर गेलो.
तो कांदा परतत होता.
म्हटलं, तुझे एकशे साडेबासष्ट तास माझ्याकडे आहेत.
त्यानं गॅस बंद केला.
बराच वेळ वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
म्हणाला, पैसे देशील. तास कसे देणार?

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.
त्यानं बस म्हटलं नाही,
जेव म्हटलं नाही,
माफ केलं तर मुळीच म्हटलं नाही.
दर महिन्याला माझ्या हातून पाच रियाल घेतो,
मोजतो, दोनदा.
मला ते बरं वाटतं.

एकशे चाळीस नावं. आत्तापर्यंत नऊ.
निम्मी माणसं देश सोडून गेली,
त्यांचे नंबर लागत नाहीत.
ठेकेदारानं मला गोदामात टाकलं, तिथं मी नटबोल्ट मोजतो.
गावी सळया उघड्या आकाशात गंजतायत,
बायको फोनवर म्हणते, लोक विचारतात.
मी म्हणतो, सांग त्यांना, थांबलंय.

परवाच्या शुक्रवारी काकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं.
आयुष्यात पहिल्यांदा.
उभा राहिलो. इतरांची मोठमोठी वाक्यं
आठवून पाहिली, एकही माझं नव्हतं.
ओठांवर आलं ते एवढंच:
"सव्वासहा."

कुणी हसलं नाही.
सालोमीबाई म्हणाल्या, आमेन.

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.
जिन्यावर मल्याळी मंडळी खोळंबलेली,
लेकरं कडेवर, उन्हात.
त्यांनी दार वाजवलं नाही.