कार्यक्षेत्राबाहेर

आमच्या पतसंस्थेचं कार्यक्षेत्र
गगनबावड्याच्या टोकाला संपतं.
चहाच्या टपरीमागं कठडा,
कठड्याखाली करूळ घाट,
आणि हवा निवळ असली तर
लांब, फार लांब, एक राखाडी रेघ.
ती रेघ आमच्या पोटनियमात नाही.

मार्चअखेरच्या धांदलीत पाच बाया शाखेत आल्या.
दोघी इथल्याच, पळसंब्याच्या,
तिघी खालच्या, विजयदुर्गाकडच्या,
पहाटेच्या एसटीनं घाट पोटात ढवळत आलेल्या.
वत्सला पडवळ बोलायला पुढं,
प्रभावती जुवाटकर पिशवी घट्ट धरून मागं.
मागणं एवढंच: एक जुना टेम्पो, त्यावर बर्फाची पेटी.
येताना खालचा मासा, कळ्यापर्यंत, कोल्हापूरपर्यंत;
जाताना इथला गूळ, नाचणी, कोबीचे गड्डे.
"मधला व्यापारी दोन्हीकडनं खातोय,"
वत्सला म्हणाली,
"येताना काटा काढून, जाताना तोंड गोड करून."

बिरंजे साहेबांनी फाईल चाळली.
"तारण काय?"
तेव्हा प्रभावती पहिल्यांदा बोलली:
"तारण दर्या असा. पण तो गहाण पडना नाय."

मी लिपिक. मासे खात नाही.
समुद्र तोवर त्या रेघेएवढाच पाहिलेला.
पण हप्त्यांचा तक्ता मांडणं माझ्याकडं.
एप्रिल लिहिला, मे लिहिला,
जूनवर पेन टेकवलं तशी ती म्हणाली,
"जून-जुलय होडये वर वढून ठेवतत.
तेव्हा दर्या बाळतीण असता.
बाळतिणीच्या दारात वसुलीक कोण जाता?"

बाळंतपणाची रजा
आमच्या शिपाई आक्काताईंनाही मिळाली होती.
मी दोन रकान्यांत आडवी रेघ ओढली,
बाराचे दहा हप्ते केले, थोडे जड.
साहेब म्हणाले, "कुठल्या नियमात बसवलंस?"
म्हटलं, "उसाचं कर्ज आपण बिल आल्यावरच घेतो की.
हे बी पीकच. फक्त शेत हलतं."

पुढं सगळं सुरळीत झालं, असं नाही.
सप्टेंबरातच दरड कोसळली.
करूळ बंद, म्हणून टेम्पो भुईबावड्याकडं वळला,
तिथं उलटलेला ट्रक.
सात तास.
पेटीच्या भोकातून आधी पाणी गळलं,
मग लालसर पाणी,
मग पाणीही नाही.
चार टोपल्या बांगडा रस्त्याकडेला पुरला.
भाडं कुणी सोसायचं, यावर बायांचं वाजलं.
वत्सलानं फोन उचलणं सोडलं.
तिसऱ्या आठवड्यात एसटीच्या टपावरून
सुकटीचं पोतं आलं, कंडक्टरकडं निरोप:
"ह्येका बर्फ लागना नाय.
तुका रागवाक व्हया तितको येळ घे."

वत्सला दोन दिवस रागावली.
तिसऱ्या दिवशी पोतं विकून मोकळी.

हप्त्याच्या नोटांना वास यायचा.
रोखपाल चौगले नाकाला रुमाल लावून मोजायचा,
वर्षभरानं रुमाल खिशातच राहिला,
आणि काचेमागनं विचारू लागला,
"मावशी, सुरमई काय भावानं हो?"

मग कोल्हापूरहून लेखापरीक्षक आले.
लाल शाईत शेरा:
"तीन कर्जदार कार्यक्षेत्राबाहेरील. खुलासा करावा."

दुपारभर कोरा कागद घेऊन बसलो.
खिडकीतून घाटातलं वारं वर येत होतं.
वाऱ्याला हद्द विचारावी, तर कुठल्या अर्जावर?
कागद दमट झाला, शाई पसरू लागली.
ती राखाडी रेघ त्या दिवशी दिसत नव्हती,
आणि तरी ती तिथंच आहे, याची
मला खात्री होती, पावतीसारखी.

लिहायचं होतं, "भरणा नियमित आहे."
हात लिहून गेला,
"भरती नियमित आहे."

खोडलं नाही.
साहेबांनी खाली सही केली.
वाचली की नाही, कोण जाणे.