धुणावळ

साउथॅम्प्टन, एप्रिल १९१२

टेबलक्लॉथ अठ्ठेचाळीस. नॅपकिनांची तीन गाठोडी.
अभ्रे मोजायचे राहिलेत.
पुढच्या फेरीचं आहे हे सगळं.
पहिला संच घेऊन बोट गेली,
दुसरा इथे, माझ्या इस्त्रीखाली.

मंगळवारी पोरं ओरडत आली गल्लीतून.
मुकादमीण म्हणाली, हात थांबवू नका,
कंपनीने अजून काही कळवलेलं नाही.
आम्ही खळ कालवत राहिलो.

कॅन्यूट रोडला ऑफिसाबाहेर यादी लागते.
वाचलेल्यांचीच.
आपलं माणूस शोधायचं
ते दोन नावांमधल्या कोऱ्या जागेत.
'पी'ची नावं जेमतेम चार. सात वेळा वाचली.
पर्किस नाही.
मागची बाई म्हणाली, सरका आता.

एनॉक तळाशी होता, भट्टीवर.
कोळशाच्या संपात किती आठवडे घरी बसून,
मग हे काम लागलं, तर
बूट पुसताना शीळ घालत होता.
जाताना म्हणाला, सदरे आधी भिजत घाल,
काळं लवकर निघत नाही.

पगार बोट बुडाली त्या मिनिटापर्यंतचा.
पुढे पाण्यात जो वेळ गेला
तो त्याचा स्वतःचा.

काल पावती फाडली मुकादमिणीने :
माल तयार. नेणारा नाही.
एक नॅपकिन उलगडून पाहिला मी,
मग कुणी बघायच्या आत
त्याच घडीवर घडी घातली.

घरी बादली तशीच आहे.
शेजारीण म्हणते, वास येतोय, पाणी तरी बदल.
उद्या बदलते म्हणते मी.
त्या पाण्यात अजून
त्याचा कोळसा आहे.